वाळवणाचा कोपरा

तिनं पहिल्याच सकाळी मला काकू म्हटलं आणि तिथंच माझं तिच्याशी बिनसलं.

मी बास्केटबॉल टीमची कॅप्टन. चव्वेचाळिशी उलटली आहे हे खरं, आणि इतवारीतल्या आमच्या भांड्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसले की गिऱ्हाइकं मला काकूच म्हणतात हेही खरं. पण पायात बूट चढवले आणि केसांना रबर लावलं की मी कोणाचीही काकू नसते. "मी काय म्हातारी दिसून राहिली का तुले?" मी विचारलं. ती बिचारी गोंधळली. मनगटातला हिरवा चुडा वर सारत म्हणाली, "नाही हो, मोठ्या आहात ना तुम्ही. नाव कसं घेऊ?"

"ताई म्हण. नाही तर काहीच म्हणू नको, सरळ बॉल दे."

बॉल मात्र तिनं असा दिला की माझे तळहात झिणझिणले.

ती अमरावतीची. कॉलेजात असताना विद्यापीठाच्या संघातून खेळलेली. लग्न होऊन आमच्या वस्तीत, म्हणजे लेआउटमध्ये, अगदी कोर्टासमोरच्या घरात, आली होती. मेंदीचा रंग अजून नखांवर होता. तिला टीममध्ये आणायचं डोकं आमच्या पार्लरवालीचं. नवरीचा मेकअप करायला ती गेली होती आणि येताना खबर घेऊन आली होती, की पोरीचे खांदे पाहा, ब्लाउजचा शिंपी रडला असेल. आमच्या टीमला अशा खांद्यांची फार गरज होती.

आमची टीम म्हणजे नागपुरात नंदनवनच्या एका लेआउटमधल्या आठ-नऊ बाया. बहुतेक जणी इथल्याच लेकी. माझं माहेर आणि सासर दोन गल्ल्यांच्या अंतरावर आहे, त्यामुळे लग्नानंतर माझा मुक्काम हलला, मैदान नाही. शाळेत असल्यापासून मी याच सिमेंटच्या कोर्टावर खेळत आले. दरवर्षी मे महिन्यात वस्त्यांमधल्या बायकांची स्पर्धा होते. दरवर्षी आम्ही जातो, एकदोन सामने मारतो, आणि मग रिंग रोडपलीकडची टीम आमची धूळधाण करते. त्यांच्या बाया धिप्पाड आहेत असं नाही, आमच्याच सारख्या आहेत, भाजी निवडून येतात. तरी हरवतात. का हरवतात ते आम्हाला कधी कळलं नव्हतं, आणि त्या वर्षी माझा डॉक्टर म्हणाला होता, "हा सीझन खेळून घ्या. नंतर या गुडघ्यानं चालायचं आहे तुम्हाला." मी घरी येऊन कोणाला सांगितलं नाही. दोन दिवस दुकानात गिऱ्हाइकांवर खेकसत राहिले, एवढंच. मला त्या बायांना एकदा, फक्त एकदा हरवायचं होतं. त्यानंतर गुडघा गेला चुलीत.

आता कोर्टाबद्दल सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्या कोर्टाला रिंगा दोन, पण एकीची फळी कधीच निखळली आहे. त्यामुळे सगळी प्रॅक्टिस एकाच रिंगेवर. त्या रिंगेसमोर तोंड करून उभं राहिलं तर उजव्या हाताला कडुनिंब आहे, तिकडे सावली. डाव्या हाताचा कोपरा मात्र उघडाबोडका, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत ऊन. आणि नागपूरचं ऊन वाया घालवतील त्या आमच्या लेआउटच्या बाया कसल्या! मार्च संपला की त्या कोपऱ्यात वाळवण पडतं. जुन्या सुती साड्या अंथरून त्यावर कुरड्या, मुगवड्या, शेवयांसारखे सरगुंडे, आणि कळमन्याच्या बाजारातून पोत्यानं आणलेल्या लाल मिरच्या. आम्ही सकाळी खेळायला येतो तेव्हा बाया चीक शिजवून, सोऱ्या घेऊन हजर असतात. संध्याकाळी खेळायचं म्हटलं तर सिमेंट तव्यासारखं तापलेलं, शिवाय पोरांचं क्रिकेट. तेव्हा सकाळीच, वाळवणाच्या शेजारी.

या वाळवणाच्या मालकीणबाई म्हणजे आमच्या नव्या खेळाडूच्या सासूबाई. स्वतःचं तर असतंच, आजूबाजूच्या चार घरांचंही त्या राखतात. प्लास्टिकच्या स्टुलावर बसायचं, हातात बांबूची काठी, डोक्यावर पदर, आणि नजर अशी की कावळासुद्धा दोनदा विचार करतो. मी पाचवी-सहावीत असताना माझा एक बॉल यांच्या कुरड्यांत पडला होता. त्यांनी मला हात लावला नाही, नुसतं माझ्या आईला हाक मारली. आईनं भर मैदानात मला धपाटे घातले आणि वर आमच्या घरचे दोन डबे पापड त्यांना नेऊन दिले. त्या उन्हाळ्यात आम्ही घरी पापड खाल्ले नाहीत, आणि त्याचं खापर वर्षभर माझ्या डोक्यावर फुटत राहिलं.

तर त्या पहिल्या सकाळी नवी पोरगी ट्रॅक पँट घालून आली. सासूबाई पाठमोऱ्या बसून मिरच्या उलटवत होत्या. पोरीनं माझ्याकडून बॉल घेतला, दोन टप्पे टाकले आणि सरळ डाव्या कोपऱ्यात गेली. तिच्या टाचेपासून हातभर अंतरावर मुगवड्या. आम्ही सगळ्या जागच्या जागी थिजलो. पार्लरवालीनं तर डोळेच मिटले. पोरीनं उडी मारली, बॉल सोडला, आणि तो रिंगेला न शिवता जाळीतून खाली आला.

"अवं माय!" कोणीतरी म्हणालं.

तिला वाटलं कौतुक झालं. तिनं परत मारला. या वेळी बॉल रिंगेवर आपटला, उंच उडाला आणि थेट मिरच्यांत जाऊन बसला. मिरच्या उधळल्या, दोघीतिघी शिंकायला लागल्या. सासूबाई काठी घेऊन उठल्या आणि मागं ओझरतं बघून ओरडल्या, "कोणाची सून आहे वं ही? घरच्यायनं काही शिकवलं नाही का?"

आम्ही एकमेकींच्या मागं सरकलो. शेवटी पोरगीच हळूच म्हणाली, "तुमचीच आहे, आई."

सासूबाई वळल्या. ट्रॅक पँट पाहिली, चुडा पाहिला, वर चेहरा पाहिला. घरात साडीत वावरणारी सून त्यांना अशी ओळखूच आली नव्हती. आम्ही हसू दाबायचा पुष्कळ प्रयत्न केला. बँकेत कॅशियर असलेली आमची एक जण तर खाली बसून बुटाची नाडी बांधायला लागली, तिच्या बुटाला नाडी नव्हती.

मला वाटलं, संपलं. उद्यापासून ही येत नाही. पण दुसऱ्या दिवशी ती आली, आणि सासूबाईंचा निकालही सोबत घेऊन आली. वाळवण हलणार नाही. खेळायचं तर खुशाल खेळ. पण एक कुरडई जरी फुटली, तर त्या वर्षीच्या सगळ्या कुरड्या एकटीनं घालायच्या, गहू भिजवण्यापासून.

"मंग आता त्या कोपऱ्यात जाऊ नको," मी म्हटलं.

"काहून ताई?" तिनं विचारलं. "तिथूनच तर चांगला बसते बॉल. तुम्ही कोणीच काहून मारत नाही तिथून?"

"कोण म्हणते मारत नाही?"

"मी पाहून राहिली ना दोन दिवस. कोणीच नाही मारत."

मला राग आला. दोन दिवस झाले नाहीत येऊन आणि ही मला खेळ शिकवते. मी म्हटलं, प्रॅक्टिसमध्ये नाही मारत, वाळवण असते म्हणून. सामन्यात मारतो. पण कॅशियरबाईंच्या फोनमध्ये मागच्या वर्षीच्या सामन्याचा व्हिडिओ होता, त्यांच्या मुलानं काढलेला. कडुनिंबाखाली बसून आम्ही तो पाहिला, एकमेकींच्या डोक्याला डोकं लावून.

मी आयुष्यात इतकी चाट कधी पडले नव्हते. सामना दुसऱ्याच मैदानावर होता, तिथं मैलभर कुठं वाळवण नव्हतं. तरी आमच्यातली एकही बाई डाव्या कोपऱ्यात जात नव्हती. बॉल तिकडे घरंगळला तर आम्ही तो उचलून चटकन बाहेर येत होतो, अंगण सारवलेलं असावं तसं. आणि पलीकडच्या टीमला हे पक्कं ठाऊक होतं. त्यांची एकही बाई त्या बाजूला उभी नव्हती. पाचही जणी उरलेल्या जागेत आमची वाट अडवून उभ्या. इतकी वर्षं आम्ही त्यांना पाऊण कोर्टावर सापडत होतो.

सगळ्यात गंमत म्हणजे आमच्यात दोघी अशा होत्या, ज्या लग्न होऊन नंतर आलेल्या. त्यांना कोणी कधी सांगितलं नव्हतं की तिथून मारायचं नाही. आमचं पाहून पाहून त्याही तशाच झाल्या होत्या. "मले वाटे तसा नियमच आहे," त्यातली एक म्हणाली. आम्ही इतक्या हसलो की सासूबाईंनी लांबून काठी आपटली.

त्यानंतर पोरीनं आम्हाला कामाला लावलं. कॅप्टन मी होते, पण सकाळी बोलायची ती. बोलायचीही अशी आर्जवानं की नाही म्हणता येऊ नये. "ताई, एकदा या ना इकडे. ताई, फक्त उभ्या राहा." पार्लरवाली चौथ्या दिवशी त्या कोपऱ्यातून बॉल मारायला शिकली. कॅशियरबाई शिकल्या. वाळवणापुढं जाड ताडपत्री उभी धरायला एकेकीची पाळी लागायची, म्हणजे चुकलेला बॉल अडला पाहिजे. टीममध्ये असा उत्साह मी कधी पाहिला नव्हता. पूर्वी सहाला बोलावलं की बाया साडेसहाला जांभया देत येत, आता मी पोचायच्या आधी बॉलचा आवाज ऐकू येई. पास देताना हसायच्या, चुकल्यावरही हसायच्या. आधी चुकलं की सगळ्या माझ्याकडे पाहायच्या, आणि मी काय बोलत असेन ते लिहिण्यासारखं नाही.

आणि सासूबाई! पहिले काही दिवस त्या कुरड्यांकडे बघत होत्या. मग बॉलकडे बघायला लागल्या, कारण कुरड्यांना धोका बॉलपासूनच होता. सून कोपऱ्यात गेली की स्टुलावर ताठ व्हायच्या. बॉल हवेत असताना त्यांचे ओठ हलायचे. पुढे पुढे तर बॉल सुटल्यासुटल्याच सांगायच्या, "गेला." किंवा, "नाही जात." आणि तसंच व्हायचं. एक दिवस पार्लरवालीला म्हणाल्या, "अवं, कोपर बाहेर काढून राहिली तू. सोऱ्या दाबतांनी असं कोपर काढशीन तर कुरडई होईन का?" पार्लरवालीनं कोपर आत घेतलं. बॉल गेला. त्या दिवसापासून काठी स्टुलाला टेकलेली असायची.

एक मीच राहिले. मला ते जमेना.

कोपऱ्यात उभी राहायचे, बॉल हातात यायचा, आणि पाय आपोआप आत वळायचे. जबरदस्तीनं उभी राहिले तर हात खांद्याच्या वर जाईना. मुलीला सायकल शिकवताना मी म्हणायचे, पडशील म्हणून घाबरशील तर पडशील. स्वतःवर आल्यावर कळलं की असल्या म्हणींचा काही उपयोग नसतो. पोरीनं मला कधी टोकलं नाही. एकदाच म्हणाली, "ताई, तुमच्यासाठी मी दुसरीकडून पास देईन, काळजी नका करू." तिनं सांभाळून घेतलं याचंच मला जास्त लागलं. घरी येऊन मी आरशासमोर रिकामा हात वर करून पाहिला. नवरा म्हणाला, "फॅन पुसून राहिली का?"

मे महिना आला. स्पर्धेत आमची पोरगी खेळली आणि लोक बाकांवर उभे राहून बघायला लागले. डाव्या कोपऱ्यातून ती मारायची, पार्लरवाली मारायची. पहिल्या दोन सामन्यांत समोरच्या टीमला कळलंच नाही की काय चाललं आहे. घामानं आमचे टी-शर्ट अंगाला चिकटलेले, तोंडं लाल, आणि प्रत्येक जण दुसरीच्या पाठीत थापा मारतेय. मला त्या दिवसांत दुकानात बसवत नव्हतं. गिऱ्हाइकाला कढई दाखवताना हातानं पास द्यायचे.

मग एका संध्याकाळी, मैदानातल्या दिव्यांखाली, रिंग रोडपलीकडची टीम समोर आली.

त्या काही दुधखुळ्या नव्हत्या. आमचे आधीचे सामने पाहून बसल्या होत्या. त्यांनी पोरीला दोन बाया चिकटवल्या, पार्लरवालीला एक. आणि मला मोकळं सोडलं. त्यांची कॅप्टन मला चांगली ओळखते, आमच्याच दुकानातून कुकर नेते. तिला खात्री होती की ही बया डाव्या कोपऱ्यातून मारणार नाही. सामना संपायला आला तेव्हा आम्ही एका पॉइंटनं मागे होतो, आणि गुडघ्यात कोणीतरी खिळा ठोकत असल्यासारखं होत होतं.

पोरीकडे बॉल होता. दोघी तिला चिकटलेल्या. तिनं मान वर केली आणि मला पाहिलं. मी डाव्या कोपऱ्यात होते, आजूबाजूला चिटपाखरू नाही. पास आला. मी पकडला, आणि पाय आत वळले. सवयीनं. दोन टप्पे टाकून मी गर्दीत शिरले, त्यांच्या कॅप्टननं हात घातला आणि बॉल आडवा बाहेर गेला. शिटी वाजली. तिच्या हाताला लागून गेला होता म्हणून आमचाच राहिला, इतकंच नशीब. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, झालं, हाच माझा शेवटचा सामना आणि तो मीच घालवला.

बॉल आत टाकायला पोरगी उभी राहिली. मला वाटलं ती आता पार्लरवालीला देईल. मी मनातल्या मनात कडेला झालेच होते. पण ती माझ्याकडेच बघत होती. नजरेनं तिनं मला पुन्हा त्याच कोपऱ्याकडे जायला सांगितलं. मी गेले. बॉल आला. त्यांची कॅप्टन जागची हलली नाही, हसत होती.

मी बॉल धरून उभी. हात वर जाईना.

आणि बाकांवरून तो आवाज आला, ज्यानं लहानपणी भर मैदानात माझ्या आईला बोलावलं होतं. सासूबाई उभ्या होत्या. पदर खांद्यावरून घसरलेला, दोन्ही हात वर. सगळं मैदान ऐकेल अशा ओरडल्या, "पाहून काय राहिली वं? मी काय वाळू घातलं आहे का तिथं? मार!"

मी मारला.

कोपर आत होतं की बाहेर, मला आठवत नाही. बॉल फळीला लागला, रिंगेवर एकदा बसला, दुसऱ्यांदा बसला, आणि मग आळशी माणसासारखा आत उतरला. आम्ही एका पॉइंटनं पुढे. त्यांनी घाईघाईनं बॉल आणला, त्यांच्या कॅप्टननं मारला, आणि आमच्या पोरीनं तो हवेतूनच असा खुडला जसं परसातलं लिंबू. शेवटची शिटी झाली तेव्हा बॉल तिच्या पोटाशी होता आणि ती "ताई! ताई!" करत धावत येत होती.

सगळ्या माझ्या अंगावर पडल्या. पार्लरवालीचं काजळ माझ्या टी-शर्टला लागलं. त्यांची कॅप्टन येऊन हात मिळवून गेली, म्हणाली, "आता कुकर दुसरीकडून नेईन बाप्पा." मी हसत होते आणि रडतही होते आणि मला त्याची काही लाज वाटत नव्हती. बाकीच्या पाणी प्यायला गेल्या, फोटो काढायला गेल्या. मला हाका मारत होत्या. मी गेले नाही. मी तिथंच, त्या कोपऱ्यात उभी राहिले.

"बॉल दे," मी पोरीला म्हटलं.

"ताई, संपला सामना."

"मले माहीत आहे. दे."

तिनं दिला. मी मारला, चुकला. बॉल बाकांकडे घरंगळला तो सासूबाईंनी पायानं अडवला. वाकून दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्याकडे फेकला. टप्पा पडून माझ्यापर्यंत आला. मी परत मारला. परत चुकला. त्यांनी परत उचलून दिला. पोरगी कंबरेवर हात ठेवून आमच्या दोघींकडे बघत होती. माझा गुडघा ठणकत होता आणि कोणीतरी दिवे मालवायला आलं होतं. मी बॉल मारत राहिले, त्यातला एकही गेला नाही. दर वेळी बॉल सुटला की सासूबाई बसक्या आवाजात सांगायच्या, "नाही जात," आणि उचलून द्यायला वाकायच्या.